यूल तुमच्याकडे आला, पण दिवाळी कुठे गेली?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

माझं वय 38. माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यालगत. लग्न होऊन अकरा वर्षांपूर्वी स्वीडनला आले; आम्ही गोथेनबर्गजवळ राहतो. नवरा स्वीडिश, मुलगी सात वर्षांची. नाताळला, म्हणजे इथल्या ‘यूल’ला, आजवर आम्ही सासूबाईंकडे जायचो. यंदा त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी आपली पाककृतींची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “यंदापासून यूल तुझ्याकडे.” नवरा म्हणतो, “तुला हवं तसं कर.” माल्मोहून नणंदेचा फोन आला, “आईचा यूल होता तसाच ठेव हं.” त्यातच माझे आईबाबा पहिल्यांदाच डिसेंबरात येतायत. बाबा शाकाहारी, आई मासे खाते, पण घरात डुकराचं मांस शिजताना तिने कधी पाहिलेलं नाही. सगळं यांच्या पद्धतीनं केलं तर आईबाबांना वाटेल, लेक पार तिकडचीच झाली. आपले पदार्थ मांडले तर इकडची माणसं नाराज. दिवाळीला मी ऑफिसातून येऊन अर्ध्या तासात चार पणत्या लावते आणि पाकिटातली विकतची चकली खाते. आणि यांचा सण मी तीन दिवस रांधायचा? ती वही उघडवतसुद्धा नाही. काय करू?

मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न हॅमचा, म्हणजे यूलच्या टेबलावरच्या त्या डुकराच्या मांसाचा आहे. दुसऱ्या वाचनात विकतच्या चकलीपाशी थांबले. तिकडे परत येऊच, आधी वहीचं बघू.

मी स्वतः स्वीडनमध्ये पाच हिवाळे काढलेत, त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघरात काय चाललं असेल याचा अंदाज आहे. माझ्या पहिल्या यूलला शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. यूलबूर्ड, म्हणजे त्या दिवशीचं भरगच्च मांडलेलं टेबल, समोर होतं. लग्नाच्या बुफेला जावं तशी मी एकच प्लेट घेऊन निघाले. मुरवलेला हेरिंग मासा, त्याला टेकून मीटबॉल, वर बिटाचं गुलाबी सॅलड आणि कडेला दुधातला गोड भात. कुणी काही बोललं नाही. यजमानीणबाईंनी फक्त एक दुसरी, स्वच्छ प्लेट हळूच माझ्यापुढे सरकवली. आपल्या पानाला जशी डावी-उजवी बाजू असते, मीठ-लिंबू इकडे आणि भाजी तिकडे, तशी त्यांच्या टेबलाला फेऱ्यांची शिस्त असते. पहिली फेरी हेरिंगची, उकडलेल्या बटाट्याबरोबर. मग सॅमन वगैरे थंड मासे, मग हॅम आणि इतर थंड मांस, मग गरम पदार्थ आणि शेवटी गोड. दर फेरीला नवी प्लेट. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अकरा यूल पाहिल्यावर तुम्हाला ते सांगायची गरज नाही, म्हणजे तुम्ही समजता तितक्या परक्या तुम्ही या टेबलाला राहिलेल्या नाही.

आता नणंदेचं वाक्य घ्या, ‘आईचा यूल होता तसाच ठेव.’ माल्मोला बसून हे सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण तेवढ्यासाठी चिडू नका. तिला एकच विचारा, ‘तसाच’ म्हणजे कधीचा? कारण हा सण ‘तसाच’ कधीच नव्हता. ख्रिसमस ट्री जर्मनीतून आलं. स्वीडनमधली त्याची पहिली नोंद 1741 ची, तीही एका उमरावाच्या वाड्यातली. यानसन्स फ्रेस्टेल्से, ती बटाटा-कांदा-मलईची भाजलेली थाळी, जिच्याशिवाय आज पान हलत नाही, ती विसाव्या शतकातली. लहान मुलं कोकाकोला बाजूला सारून पितात ते काळं यूलमुस्ट 1910 मध्ये बाजारात आलं. तुमच्या खिडकीत असेल तो सात दिव्यांचा त्रिकोणी विजेचा स्टँडसुद्धा तुमच्या गोथेनबर्गच्याच ऑस्कर अँडरसनने 1930 च्या दशकात बनवला. आणि 24 तारखेला दुपारी तीनला अख्खा देश टीव्हीपुढे बसतो तो काल्ले आन्का, म्हणजे साक्षात डोनाल्ड डक, अमेरिकेचा! लुसेकात्त बनमधलं केशर, पावातली वेलची आणि तांदळाच्या लापशीवरची दालचिनी कुठून आली हे तर रत्नागिरीच्या मुलीला मी सांगायला नको.

यातलं काही नणंदेच्या तोंडावर मारण्यासाठी सांगत नाहीये. आपणही तसेच आहोत. एकादशीला आपण भक्तिभावाने खातो त्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा यांतलं एकही पीक मूळचं आपलं नाही, सगळी अमेरिका खंडातून आलेली. म्हणून ती कमी उपासाची होत नाही. सांगायचं एवढंच की या टेबलावर भर पडत आलेली आहे आणि पुढेही पडेल. पण भर घालण्याचा हक्क ज्याचा हात जुन्या पदार्थांवर बसलाय त्याला सहज मिळतो. बाहेरून आलेल्याने पहिल्याच वर्षी टेबल बदललं तर ती भर वाटत नाही, हुकूम वाटतो. तुमचीच आई तुमच्या वहिनीबद्दल काय म्हणाली असती, विचार करा.

तेव्हा वही उघडण्याआधी फोन उचला. सासूबाई, नणंद, नवरा, मुलगी आणि नणंदेच्या घरचे जे येणार असतील ते, प्रत्येकाला एकच विचारा: कुठली एक गोष्ट नसली तर तुला यूल झाल्यासारखं वाटणार नाही? एकच सांगायची, दोन नाहीत. मला जवळजवळ खात्री आहे की पंचवीस पदार्थांपैकी पाच-सहाच नावं येतील आणि त्यातली एक-दोन खाण्याची नसतीलच. कुणाला यानसन लागेल, कुणाला हॅमच्या रश्शात पाव बुडवून खायचा असेल. या बुडवण्यावरूनच 24 तारखेला त्यांच्याकडे ‘बुडवण्याचा दिवस’ म्हणतात. तुमची मुलगी बहुतेक लापशीत लपवलेला बदाम म्हणेल. लूटफिस्कचं नाव कुणी घेतलं नाही तर खुशाल वगळा. सुकवलेला मासा क्षारात आणि पाण्यात दिवसचे दिवस भिजवून त्याची थरथरती जेली करायची, हा प्रकार कॅथलिक काळातल्या नाताळपूर्व उपासातून आला. आज बऱ्याच घरांत तो एका आजोबांसाठीच शिजतो. (तुम्ही सुक्या बोंबलाच्या वासात वाढलेल्या, वासाने तुम्हाला काही होणार नाही. हाताला लागणारा तो बुळबुळीतपणा मात्र वेगळा. आणि चांदीचे चमचे त्याला लावू नका, काळे पडतात.)

उरलेले पदार्थ गाळा, नाहीतर येणाऱ्यांना वाटून द्या. प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन येण्याला त्यांच्याकडे ‘क्नीतकालास’ म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. माल्मोहून गाडीने येणाऱ्या नणंदेला मीटबॉल आणि लाल कोबी सहज आणता येतील. ‘होता तसाच’ची जबाबदारी थोडी तिच्याकडेही जाऊ द्या.

आता तुमचे यजमान. ‘तुला हवं तसं कर’ हे वाक्य ऐकायला फार उदार आहे. त्याचा अर्थ मात्र ‘मी करणार नाही’ असा होतो. वही त्यांच्या आईची, सण त्यांच्या लहानपणचा, आणि तो वारसा सुनेच्या गळ्यात का? सासूबाईंनीही वही तुमच्या हातात दिली, मुलाच्या नाही. बायका बायकांना देतात, ही सवय त्यांच्याकडे आहे तशी आपल्याकडेही आहे. मुलाला वाटणीत शेत मिळतं आणि सुनेला पुरणाचा कट. यंदा हे मोडायची चांगली संधी आलीय. हॅम त्यांनी करावा, पूर्ण. आणण्यापासून, शिजवून, मोहरी-अंडं-पावाचा चुरा लावून भाजण्यापर्यंत आणि नंतर ओव्हन घासण्यापर्यंत. तुम्ही त्याला हातही लावू नका. आईसमोर डुकराचं मांस कापायचा तुमचा संकोच आपोआप मिटतो, आणि ‘लेक तिकडचीच झाली’ ही आईची संभाव्य खंत जावयाच्या कमरेचा अॅप्रन बघून निम्मी विरेल.

तुम्ही काय करायचं? हेरिंग. ते तुमचं आहे. त्यांचा ‘सिल’, म्हणजे हा हेरिंग, शेवटी काय, मुरवलेला मासाच ना? सासूबाईंच्या वहीत ‘1-2-3’ असं कुठेतरी लिहिलेलं असेल. एक भाग 12 टक्क्यांचं आट्टिका, म्हणजे कडक व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. उकळून थंड करायचं. मग काचेच्या बरणीत खारवलेल्या हेरिंगचे तुकडे, कांदा, गाजराच्या चकत्या, तमालपत्र आणि ऑलस्पाइसचे अख्खे दाणे थरांनी भरायचे, वरून हे पाणी ओतायचं आणि फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस तरी मुरू द्यायचं. मासे आधी पाण्यात किती तास ठेवायचे हे वहीत असेलच, पण खारटपणा उतरला की नाही ते वही सांगत नाही, जीभ सांगते. त्यासाठी एका रविवारी सासूबाईंना घरी आणा, गुडघा उशीवर टेकवून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवा आणि तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवा. मला वाटतं, त्यांनी दिली ती वही. पण त्या वाट बघतायत ती कुणीतरी असं विचारायला येण्याची. ऑपरेशन झालेल्या बाईने स्वतःहून ‘आता तुझ्याकडे’ म्हणणं सोपं नसतं. त्यात रागावण्यासारखं मला काही दिसलं नाही. तुम्हाला दिसलं, कारण तुमचा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तिकडे येतेच.

मासा गोड लागतो म्हणून तुमची आई तोंड वाकडं करणार, हे धरून चाला. करू दे. तिच्यासाठी ताजा हेरिंग आणा आणि बांगड्याला लावता तसा रवा-तिखट लावून तव्यावर तळा. राईच्या पिठात घोळवून तळलेला हेरिंग स्वीडिश माणूस रोजच्या जेवणात खातोच, त्यामुळे तुमची तळलेली तुकडी टेबलावर परकी दिसणार नाही. पहिल्या फेरीत, 1-2-3 च्या बरणीशेजारी ठेवा. पाटी लावू नका, भाषण करू नका. रिकामी झालेली थाळी आईला दिसली की पुरे.

बाबांची काळजी तुम्ही जास्त करताय. शाकाहारी माणसाला यूलबूर्डवर उपाशी राहावं लागत नाही, फक्त आधी बघून घ्यावं लागतं. यानसनमध्ये ‘आन्शूविस’ घालतात. तो डब्यातला मसाल्यात मुरवलेला छोटा स्प्रॅट मासा असतो. त्याऐवजी मशरूम आणि केपर घालून एक छोटी थाळी वेगळी भाजा. लाल कोबी चरबीऐवजी लोण्यात परता. कोबीला किंवा केल या पालेभाजीला हॅमचा रस्सा घातलेला नाही ना, एवढं विचारा. गोळ्या-मिठायांत जिलेटिन असतं, पाकीट वाचा. बिटाचं सॅलड, उकडलेले बटाटे, चीज, क्नेकेब्रोड हा कडक, कुरकुरीत पाव आणि गोडसर काळा पाव आहेतच. आणि तांदळाची लापशी! दुधात मंद आचेवर शिजवलेला भात, वर दालचिनी-साखर आणि मधोमध लोण्याचा गोळा. बाबा त्याला दूधभातच म्हणणार. बदाम त्यांच्याच वाटीत आला तर वर्षभरात लग्न होणार अशी स्वीडनमधली समजूत त्यांना जरूर सांगा, आणि आईचा चेहरा बघा.

पण या दोघांना अपमान वाटेल हे तुम्ही कशावरून ठरवलंत? त्यांच्याशी बोललात? अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माणसं हिवाळ्यात येतायत. साडेतीनच्या सुमारास मावळणारा सूर्य बघूनच ती गडबडणार आहेत, मेनूचा विचार नंतर. सात हजार किलोमीटरवरून लेकीचं घर बघायला येणारी आई लेक आपल्यासारखी राहिली का हे क्वचितच तपासते. लेकीचं या घरात चालतं का, हे ती पहिल्या तासात ओळखते. जावई ओव्हन घासतोय, सासूबाई खुर्चीत बसून चव सांगतायत, नात धावतेय, यातून तिला काय ते कळेल. सगळ्यांना खूश ठेवायला तुम्ही एकट्या चुलीपुढे उभ्या दिसलात, तर टेबलावर उकडीचे मोदक असले तरी ती रात्री रडेल.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडेही. स्वीडनमध्ये भेटवस्तूच्या पाकिटावर दोन-चार ओळींचं यमक लिहायची पद्धत आहे. आत काय आहे ते सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं. म्हणजे आपला उखाणाच की! नाव घेण्याचा नव्हे, कोड्याचा, जुना. बाबांना ‘लोकरीचे मोजे’ असं पाकीट देणार असाल तर मुलीला शेजारी घेऊन बसा आणि काहीतरी असं जुळवा:

जुळ्या बहिणी दोघी, लोकरीचे ओठ,
थंडी पडली की गिळतात पायाचं बोट न् बोट.

खाली तेच स्वीडिशमध्ये, मुलीने तिच्या भाषेत. मग पाकीट फोडण्याआधी ते मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी ओळखायचं. सासूबाईंच्या पाकिटावरचा उखाणा तुमच्या आईला रचायला सांगा. तिला हे काम मेनूपेक्षा जास्त आवडेल.

आता चकली.

तुमचा राग यूलवर नाही. तुमच्या सणाला या घरात जागा नाही यावर आहे, आणि तो राग खरा आहे. दिवाळीला सुट्टी कुणी मागितली? तुम्ही मागितली नाहीत. सासूबाईंना, नणंदेला जेवायला कधी बोलावलंत? पत्रात तसं दिसत नाही. नवऱ्याला कधी सांगितलंत की या दिवशी तू लवकर घरी यायचंस आणि करंज्यांचं सारण तू परतायचंस? नसेल सांगितलं, तर त्याला कळणार कसं? अकरा वर्षं तुम्ही आपला सण स्वतःच लहान करत आणलात आणि आता तो यूलच्या टेबलाच्या कोपऱ्यात घुसवून मोठा करू बघताय. दिवाळीचा हिशोब यूलच्या ताटात चुकता करू नका. तिथे तो चुकता होत नाही. उलट पुरणपोळी बिचारी हॅमच्या शेजारी पडून राहते, लोक सभ्यपणे एक तुकडा तोडतात, आणि तुम्हाला वर्षभर तो एक तुकडा आठवतो. फराळातलं काही ठेवायचंच असेल तर गोळ्या-बिस्किटांच्या टेबलावर ठेवा. पेपरकाकोर ही आल्याची बिस्किटं, टॉफी, चॉकलेटं यांच्या गर्दीत करंजी आणि शंकरपाळे बिनबोभाट संपतात, तिथे कुणी मोजत नाही. पण पान वाढून, बसून खायचा आपला सण आपल्या दिवशी, आपल्या टेबलावर.

नॉर्वे-डेन्मार्कमधल्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनाही सांगते, हा झगडा फक्त परक्या सुनांचा नाही. नॉर्वेमध्ये पूर्वेकडची माणसं 24 तारखेला रिब्बे, म्हणजे कुरकुरीत कातडीचं डुकराच्या पोटाकडचं मांस खातात आणि पश्चिमेकडची पिन्नेशॉत, म्हणजे खारवून वाळवलेल्या मेंढीच्या फासळ्या, बर्चच्या काटक्यांवर वाफवून. ऑस्लोची मुलगी आणि बर्गेनचा मुलगा लग्न करतात तेव्हा काय शिजणार यावरून त्यांचीही चांगली जुंपते. कुणी वर्षाआड करतं, कुणी दोन्ही शिजवून दमतं. डेन्मार्कमध्ये बदक की डुकराचा रोस्ट यावर तेच. आधी कोण कुठला, हे ठरवून मग भांडावं लागतं एवढाच फरक. तुमच्या घरात निदान ते तरी स्पष्ट आहे.

आणि आता तुमचं यंदाचं. दिवाळी तर होऊन गेली. पण स्वीडिश यूल संपतो 13 जानेवारीला, क्नूटच्या दिवशी. मुलं झाडावरच्या मिठाया लुटून खातात, नाचतात आणि झाड घराबाहेर काढतात. बहुतेक वर्षी त्याच दिवशी आपली भोगी, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. झाडाची जागा रिकामी झालेली असेल. तिथे पाट मांडा. 14 तारखेची रजा आजच टाका, दोघांचीही. सासूबाईंना आणि जमलं तर नणंदेला त्या दिवशी जेवायला बोलावा. गुळाची पोळी तुम्ही आणि आईने करायची, आणि यावेळी ‘कसं करायचं ते सांगा’ म्हणत यजमानांनी तुमच्या मागे उभं राहायचं. तीळ तिकडे मिळतात, चिक्कीचा गूळ मिळेलच असं नाही. तो आईला आणायला सांगा. आणि आईबाबांचं परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर 15 जानेवारीच्या पुढचं काढा.